वर्षातल्या आवडत्या ख्रिश्चन आणि अल्टरनेटिव्ह रॉक अल्बमची यादी कशी करायची: सरावाला २००३ घ्या

डिसेंबर आला की एकदोन जण तरी विचारतातच, यंदाची लिस्ट कधी टाकतोयस, ख्रिश्चन रॉक आणि अल्टरनेटिव्हची (म्हणजे नेहमीच्या गाजलेल्या वाटेने न जाणारं रॉक). मी टाकतो पण. पण हल्ली मी त्यांना उलट सांगतो की माझी लिस्ट घेऊन काय लोणचं घालणार आहात, स्वतःची करा, आणि पहिलीच करत असाल तर चालू वर्षाची करूच नका, जुनं वर्ष घ्या. चालू वर्षात काय होतं की नोव्हेंबरमध्ये आलेला अल्बम अजून कानात वाजत असतो म्हणून वर चढतो, फेब्रुवारीतल्या बिचाऱ्याची आठवणही नसते, आणि वर सगळीकडे त्याच चार नावांचा गाजावाजा. जुन्या वर्षाचा धुरळा खाली बसलेला असतो. तेव्हा कोण काय म्हणत होतं याच्याशी आपल्याला घेणंदेणं नाही, फक्त ऐकायचं.

मी सगळ्यांना २००३ देतो. कारण सांगतो. २५ फेब्रुवारीला स्विचफूटचा 'द ब्युटिफुल लेटडाउन' आला, आठवड्याने ४ मार्चला इव्हॅनेसन्सचा 'फॉलन', त्याच्या पुढच्या आठवड्यात रिलायंट के. मे महिन्यात अँबरलिनचा पहिला अल्बम, जुलैमध्ये एकीकडे सुफ्यान स्टीव्हन्सचा 'मिशिगन' आणि दुसरीकडे थ्राइसचा 'द आर्टिस्ट इन द अँब्युलन्स', सप्टेंबरच्या शेवटाला कॅनडावाले थाउजंड फूट क्रच, नोव्हेंबरात पीओडी आणि स्किलेट. एवढं सगळं एका वर्षात, आणि आज सगळं फोनवर मिळतं. ख्रिश्चन दुकानातलं रॉक आणि रेडिओवरचं रॉक इतकं सरमिसळ झालेलं दुसरं वर्ष मला तरी आठवत नाही.

आधी कुंपण घाला

नंबर देणं ही शेवटची आणि तशी सोपी गोष्ट आहे. खरी डोकेदुखी म्हणजे कोणाला आत घ्यायचं. ख्रिश्चन रॉक म्हणजे नक्की काय? गिटार वाजवण्याची ती काही वेगळी पद्धत नाही, मेटल, पंक, इमो असे रॉकचे सगळे प्रकार त्यात येतात. मग गाण्यात येशूचं नाव पाहिजे का? बँडवाले चर्चला जातात एवढं पुरे का? की अमेरिकेतल्या ख्रिश्चन दुकानांत, जिथे बायबल आणि ग्रीटिंग कार्डांच्या शेजारी सीड्या असायच्या, तिथे तो विकला गेला पाहिजे?

हा घोळ कळायला 'फॉलन'चं उदाहरण एकदम फिट आहे. आर्कान्सामधल्या लिटल रॉकचा हा बँड, अल्बम आला तेव्हा ख्रिश्चन दुकानांतही होता आणि ख्रिश्चन रेडिओवरही वाजत होता. पण बँडने मुलाखतीत स्पष्ट सांगितलं की आम्हाला त्या खणात टाकू नका, आणि एप्रिल २००३ मध्ये त्यांच्या लेबलने, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीने, विंड-अपने, पत्र पाठवून तिथून अल्बम काढून घ्यायला सांगितलं. म्हणजे बाहेर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. गंमत पुढे आहे, त्याच अल्बमवरचं 'टूर्निके' हे मुळात सोल एम्ब्रेस्ड नावाच्या ख्रिश्चन डेथ मेटल बँडचं गाणं, आणि त्या बँडचा रॉकी ग्रे नंतर इव्हॅनेसन्सचा ड्रमर झाला. आता करा वर्गीकरण.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बरोब्बर उलटं झालं. पीओडी म्हणजे उघड उघड ख्रिश्चन बँड, पण त्यांच्या 'पेएबल ऑन डेथ'च्या कव्हरवरचं चित्र बघून बऱ्याच ख्रिश्चन दुकानांनी तो ठेवायलाच नकार दिला. एक म्हणतो आम्हाला ठेवू नका, दुसऱ्याला दुकानवालाच ठेवत नाही. त्यामुळे दुकानाची फळी हा काही निकष नाही.

लेबलवर जायचं म्हटलं तरी पूर्ण भरवसा नाही. सिअॅटलचं टूथ अँड नेल हे नाव या जगात लगेच ओळखीचं होईल, अँबरलिन आणि थाउजंड फूट क्रच दोन्ही तिथलेच, पण त्या लेबलवरचा प्रत्येक बँड स्वतःला ख्रिश्चन बँड म्हणवतोच असं नाही. आणि थ्राइस तर आयलंड नावाच्या लेबलवर होता, कोणी त्यांना ख्रिश्चन बँड म्हणत नाही, पण गाणी लिहिणारा डस्टिन केन्सरू श्रद्धावान आहे आणि ते शब्दांत जागोजागी दिसतं.

म्हणून काय करायचं तर कागदाच्या वर एक वाक्य लिहायचं, तुमचं स्वतःचं. माझं असं आहे: ज्याच्या गाण्यात देवाशी बोलणं किंवा भांडण चालू आहे तो आत, मग बँड स्वतःला काहीही म्हणवो. तुमचं वेगळं असेल, हरकत नाही. पण एकदा लिहिलं की मध्येच बदलायचं नाही, आवडता बँड बाहेर राहतोय म्हणून तर अजिबात नाही. माझ्या वाक्यात 'फॉलन' आत येतो, आणि त्या वर्षीचा रेडिओहेडचा अल्बम मला कितीही आवडत असला तरी बाहेर. सगळं अल्टरनेटिव्ह एकत्र घ्यायचं असेल तर सरळ दोन रकाने करा, माझे बरेच मित्र तसंच करतात.

भांडणावरून आठवलं. काही जणांना वाटतं की ख्रिश्चन रॉक म्हणजे तासभर देवाची स्तुती. तशी गाणी आहेत, वर्शिप अल्बम म्हणतात, मी ती या यादीत धरतच नाही, त्यांचं काम वेगळं आहे. पण चांगल्या रॉक अल्बममध्ये शंका असते, राग असतो, देवाला जाब विचारणं असतं. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही, आपली जनाबाई विठ्ठलाला हक्काने कारटं म्हणते. त्यामुळे गायक देवावर ओरडतोय म्हणून तो ख्रिश्चन नाही असं ठरवू नका.

तारीख आणि आवृत्ती तपासा

हे कंटाळवाणं काम आहे पण इथेच लोक आपटतात. अॅपवर दिसणारं वर्ष बऱ्याचदा नंतरच्या आवृत्तीचं असतं. स्विचफूटने 'द ब्युटिफुल लेटडाउन' २०२३ मध्ये परत रेकॉर्ड केला, थ्राइसनेही त्याच वर्षी 'आर्टिस्ट इन द अँब्युलन्स' परत केला, दोन्ही सर्चमध्ये शेजारी शेजारी येतात आणि घाईत चुकीचं दाबलं जातं. नवीन वाईट नाहीत, पण यादी २००३ ची आहे ना. स्किलेटचा 'कोलाइड' नोव्हेंबर २००३ चा, पण २००४ मध्ये मोठ्या लेबलने एक गाणं वाढवून परत काढला. आणि 'फॉलन'वरचं 'माय इमॉर्टल' व्हिडिओमध्ये ऐकलं असेल तर अल्बमवर ते तसं नाहीये, अल्बमवर पियानो आणि आवाज, ड्रम नाहीत, व्हिडिओत सगळा बँड घुसतो. मला अल्बमवरचंच जास्त आवडतं.

वर्ष म्हणजे काय तेही ठरवा. ग्रॅमीवाले, म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या मोठ्या बक्षिसांवाले, त्या काळात ऑक्टोबर ते सप्टेंबर असं वर्ष धरायचे. आपण सरळ जानेवारी ते डिसेंबर धरायचं. बाकी बक्षिसांवर फार जाऊ नका. फेब्रुवारी २००४ च्या ग्रॅमीत रॉक गॉस्पेल अल्बमचं बक्षीस ऑडिओ अॅड्रेनलिनच्या 'वर्ल्डवाइड'ला मिळालं. अल्बम ठीक आहे, पण माझ्या यादीत नाही.

ऐकायचं कसं

आता माझी फजिती सांगतो. त्या काळात आमच्याकडे हे अल्बम यायचे ते एमपीथ्री सीडीवर, कोणाच्या तरी भावाने कुठल्यातरी सायबर कॅफेतून रात्रभर डाउनलोड करून बर्न केलेल्या, एका सीडीत दीडशे गाणी. आणि माझा प्लेअर ती वाजवायचा इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने. म्हणजे कित्येक वर्षं माझ्यासाठी 'ब्युटिफुल लेटडाउन'ची सुरुवात व्हायची 'अॅडिंग टू द नॉइज'ने, जे खरं दहावं गाणं आहे. मला वाटायचं काय विचित्र सुरुवात आहे, अल्बम अजून चालू झाला नाही आणि हे गोंगाटाला वैतागलेत. मग कधीतरी खरी सीडी हातात आली, पहिलं गाणं 'मेंट टू लिव्ह', तो जड गिटारचा रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा, धाडकन येतो, आणि तिथून उतरत उतरत शेवटी 'ट्वेंटी-फोर' एकदम शांत, आणि तेव्हा कळलं की दहाव्या नंबरवर तो गोंगाटाचा वैताग कशाला ठेवलाय, त्याच्यानंतरची शांतता कानाला लागावी म्हणून. नशिबाने शेवटचं गाणं मुळाक्षरांतही शेवटीच येत होतं. 'फॉलन'चं पण तसंच, 'व्हिस्पर' दोन्हीकडे शेवटी. पण मधलं सगळं विस्कटलेलं.

तर शफल बंद करा. आधी एकदा हेडफोन लावून क्रमाने, मध्ये फोन न बघता. दुसऱ्यांदा भांडी घासताना किंवा लोकलमध्ये, कारण काही अल्बम अर्ध्या लक्षातच पकडतात. तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. मग तीनचार दिवस सोडून द्यायचं आणि बघायचं की आपोआप कुठलं गाणं तोंडात येतंय. रेडिओवर गाजलेलं सोडून दुसरं एखादं आलं तर त्या अल्बमच्या नावापुढे खूण करा. स्विचफूटचं 'डेअर यू टू मूव्ह' सगळ्यांनाच माहितीये, ते तर त्यांच्या २००० सालच्या अल्बमवरचंच परत रेकॉर्ड केलेलं आहे, त्याच्यावर सगळे मार्क देऊन टाकू नका.

आणि अर्धवट ऐकलेलं यादीत घालू नका, प्लीज. मी एका वर्षी चौथ्या नंबरवर एक अल्बम टाकला होता ज्याची मी पहिली चारच गाणी नीट ऐकली होती. वसईचा एक मित्र आहे, चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवतो, त्याने साधं विचारलं, सातवं गाणं कसं वाटलं रे, ते एकदम वेगळं आहे ना. मी म्हटलं हो हो, भारीये. सातवं गाणं नव्हतंच, ती नुसती चाळीस सेकंदांची वाऱ्याची शिट्टी होती. अजून ऐकवतो मला.

एक मोह अजून टाळा. अमेरिकेतल्या ख्रिश्चन दुकानांत तक्ते असायचे, की तुम्हाला अमुक बँड आवडतो तर आमचा हा तमुक ऐका. पालकांना उपयोगी असेल, पण त्या नजरेने ऐकलं की प्रत्येक बँड कोणाची तरी सात्त्विक आवृत्ती वाटायला लागतो, बिनकांद्याच्या मिसळीसारखा.

नंबर

दहाच्या दहा एकदम लावायला बसू नका, डोकं फिरतं. दोन दोनची कुस्ती लावा. हा की तो? आज रात्री एकच वाजवायचा असेल तर कुठला? जिंकेल तो वर. आणि दहाच पाहिजेत असं कोणी सांगितलंय, सातच असतील तर सात लिहा.

माझं २००३ असं निघालं. पहिला 'मिशिगन'. हो, तो धड रॉक पण नाही, बँजो आणि ट्रम्पेट आहेत, पण पहिलंच गाणं फ्लिंट शहरातल्या बेकार आणि कमी पगारवाल्यांसाठी आहे, कारखाने बंद पडलेलं शहर, आणि इतकं हळू आवाजात गायलंय की आपणच पुढे सरकून ऐकतो. शेवटच्या गाण्यापर्यंत त्याच दुःखातून प्रार्थना कधी झाली ते कळत नाही. दुसरा थ्राइस. तिसरा स्विचफूट, कुस्तीत थ्राइसकडून थोडक्यात हरला, कारण मधली दोन गाणी मला अजूनही जरा गुळगुळीत वाटतात. चौथा अँबरलिनचा 'ब्लूप्रिंट्स फॉर द ब्लॅक मार्केट', पहिल्या अल्बमचा कच्चेपणा आहे पण 'रेडीफ्युएल्स' चालू झालं की माफ, आणि त्यात द क्युअरचं 'लव्हसाँग' पण गायलंय, आणि गायकाचं आडनावच ख्रिश्चन, त्याला कुठल्या रकान्यात टाकणार. पाचवा 'फॉलन'. सहावा रिलायंट के, ज्या अल्बमचं नावच एक विनोद आहे, की दोनदा डावीकडे वळून उजवीकडे जाता येत नाही पण तीनदा वळून जाता येतं, मुंबईतल्या वन-वेवर गाडी चालवणाऱ्याला लगेच पटेल. बाकीचे थाउजंड फूट क्रच, स्किलेट वगैरे जिमला ठीक आहेत, मी सहावरच थांबलो.

प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा, पण "अप्रतिम", "मस्त ऐका" असलं नाही. कितव्या गाण्यात काय होतं ते लिहा. जे लिहिता येत नाही ते बहुधा नीट ऐकलेलं नसतं, परत ऐका.

मग तारीख टाकून यादी बाजूला ठेवा आणि मार्चमध्ये एकदा उघडा. एखादा नंबर बदलावासा वाटला तर जुना खोडू नका, शेजारी नवीन लिहा. माझ्या २००३ च्या कागदावर स्विचफूटच्या पुढे आत्तापर्यंत तीन आकडे झालेत. वसईवाल्याच्या कागदावर पीओडी पहिल्यापासून दोन नंबरला आहे आणि तो हलायला तयार नाही, म्हणतो त्या कव्हरवर काय होतं ते बघून नाही, डोळे मिटून ऐक. ऐकलं. सहाच्या पुढे गेलोच तर आठवा देईन, त्याच्या वर नाही.