इंग्रजीत ‘लिस्ट’ हा शब्द नीट कसा वापरावा

वेटिंग लिस्ट, मेरिट लिस्ट, किराणा मालाची लिस्ट. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलाय की इंग्रजी लिहिताना तो चुकेल असं वाटतच नाही. चूक होते ती बहुतेक वेळा क्रियापदात.

१. आधी नाम. यादी करायची तर ‘मेक अ लिस्ट’, कशाची ते सांगायला ‘ऑफ’: ‘अ लिस्ट ऑफ बुक्स’. मराठीत नाव ‘यादीत’ असतं, म्हणून हात ‘इन’कडे जातो, पण माणसाच्या नावासाठी ‘ऑन द लिस्ट’ लिहा.

२. आता क्रियापद. ‘लिस्ट’चाच अर्थ ‘यादी द्या’ असा होतो. ‘प्लीज लिस्ट द डॉक्युमेंट्स’ एवढं पुरतं. ‘लिस्ट आउट’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण बाहेरच्या वाचकाला ते खटकतं. ‘आउट’ गाळाच.

३. ‘एनलिस्ट’पासून सांभाळा. आपल्याकडच्या प्रश्नपत्रिकांत ‘एनलिस्ट एनी फोर टाइप्स’ असं छापलेलं दिसतं आणि मुलं तेच उचलतात. ‘एनलिस्ट’ म्हणजे सैन्यात भरती होणं किंवा करणं, नाहीतर एखाद्याची मदत मिळवणं: ‘शी एनलिस्टेड हर ब्रदर्स हेल्प’. मुद्द्यांची यादी हवी असेल तिथे साधं ‘लिस्ट’ लिहावं. शिक्षकांनी हे आवर्जून सांगायला हवं, कारण छापील चूक मुलांना बरोबरच वाटते.

४. परीक्षेत ‘लिस्ट’ दिसलं की फक्त नावं लिहा. ‘फुलाचे भाग लिस्ट करा’ असं विचारलं तर निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग, झालं उत्तर. पुमंगात परागकण कसे तयार होतात हे ‘एक्स्प्लेन’ किंवा ‘डिस्क्राइब’ असेल तेव्हा. इथे त्यात वेळ घालवला तर शेवटचा मोठा प्रश्न राहून जातो.

५. वाक्यातच यादी देताना शेवटच्या नावाआधी ‘अँड’ घाला. ‘सच अ‍ॅज’ने सुरुवात केली असेल तर शेवटी ‘एटसेट्रा’ नको. ही उदाहरणंच आहेत हे आधीच सांगून झालंय. ‘अँड एटसेट्रा’ तर कधीच नको. त्यातल्या लॅटिन ‘एट’चा अर्थच ‘आणि’ आहे.

बातम्या वाचताना आणखी दोन वापर भेटतील. ‘लिस्टेड’ कंपनी म्हणजे जिचे शेअर बाजारात नोंदलेले आहेत ती. आणि जहाज ‘लिस्टिंग’ आहे असं लिहिलं असेल तर ते एका बाजूला कललंय. तिथे यादी शोधू नका.