कारखान्याचा कार्बन कमी करताय? मग या चुका टाळा

मोठ्या गिऱ्हाईक कंपनीच्या परचेसमधून एक्सेल शीट येते. गेल्या वर्षी वीज किती वापरली, डिझेल किती जाळलं, कच्चा माल कुठून घेतला, येत्या तीन वर्षांत कार्बन (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) किती टक्के कमी करणार. कोल्हापूरची शिरोली असो, चाकण असो की नाशिकचं अंबड, ही शीट हमखास क्वालिटीतल्या एखाद्या नव्या पोराच्या गळ्यात पडते. तो जमेल तसे रकाने भरतो, मालक सही करतात आणि फाइल कपाटात जाते.

एवढ्यावर आता भागत नाही. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे, आणि त्यातल्या मोठ्या कंपन्या पुरवठादारांकडेही आकडे मागू लागल्या आहेत. युरोपात लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट किंवा खतं जाणार असतील तर १ जानेवारी २०२६ पासून सीबॅम, म्हणजे कार्बनवरचा सीमाकर, प्रत्यक्ष लागू झाला आहे. हे दोन्ही बाजूला ठेवलं तरी छोट्या कारखान्याच्या आवारातला कार्बन म्हणजे मुख्यतः वीज आणि इंधन. त्याचं बिल तर दर महिन्याला आपणच भरतो. म्हणून हा विषय पर्यावरण दिनाच्या समितीकडे न देता मेंटेनन्स आणि अकाउंट्सकडे द्यावा, असं माझं मत आहे.

आधी सोलर, मग गळती

सगळ्यात महागडी चूक हीच. छतावर पॅनेल दिसतात, फोटो चांगला येतो, कर्जही मिळतं. पण सोलर किती किलोवॉटचं बसवायचं हे आजच्या वीजवापरावरून ठरतं, आणि आजच्या वापरात वाया जाणारी वीजही धरलेली असते.

दाबाखालची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचंच बघा. लाइनला ७ बार दाब असेल आणि कुठे तीन मिलिमीटरचं भोक असेल, तर तेवढ्यातून साधारण ३ किलोवॉट वीज हवेत जाते. चोवीस तास, वर्षाला ३०० दिवस लाइन चालू असेल तर २१,६०० युनिट झाले. आपल्याकडे एक किलोवॉट सोलर वर्षाला १,४०० च्या आसपास युनिट देतं. म्हणजे त्या एका भोकापायी १५ किलोवॉटचे पॅनेल बसवावे लागतील. होज क्लॅम्प किंवा कपलर बदलायला किती खर्च येतो, ते तुम्हाला माहीत आहे.

तपासायला सल्लागार लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ लावा. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) राहतो आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत), हे काही फेऱ्या लिहून काढा. पाच मिनिटांत दोन मिनिटं लोडवर असेल, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली ४० टक्के हवा गळतीतच जाते आहे. मग शांत शॉपमध्ये लाइनच्या कडेने चाला, फुसफुस कानाला ऐकू येते. लहान गळती साबणाच्या पाण्याने सापडते. बहुतेक गळती मोठ्या पाइपात नसतेच. ती ब्लो गनच्या होजमध्ये, एफआरएल युनिटच्या (हवा गाळून दाब नेमका ठेवणाऱ्या जोडणीच्या) वाटीपाशी आणि कधीकाळी काढून नेलेल्या यंत्राच्या उघड्या व्हॉल्व्हवर असते. गळती बंद झाली की दाब कमी करून पाहा. एक बार कमी केला तर साधारण ६-७ टक्के वीज वाचते.

सोलर जरूर बसवा, पण हे झाल्यावर. आणि फाउंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) छतावर बसवणार असाल तर नॉकआउटची, म्हणजे साचे फोडतानाची धूळ पॅनेलवर बसते, ती धुण्याचं पाणी आणि माणूस आधी ठरवा.

वितळलेलं मोजायचं आणि विकलेलं विसरायचं

इंडक्शन फर्नेस असलेल्या फाउंड्रीत विचारलं की उत्तर येतं, "आमचा टनाला सहाशे युनिट." आकडा ठीक आहे, टनाला साडेपाचशे ते सातशे हे नेहमीचंच. पण हा टन कसला? वितळलेल्या लोखंडाचा. रनर, रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा आणि जादा धातूचे साठे) आणि रिजेक्शन वजा जाता त्यातले ६० टक्केच कास्टिंग म्हणून बाहेर पडत असतील, तर विकलेल्या टनामागे १,००० युनिट पडतात. हे प्रमाण, म्हणजे यील्ड, ७० टक्क्यांवर नेलं की हाच आकडा ८५७ वर येतो. फर्नेस तीच, बिलाचा दर तोच, तरी टनामागे सुमारे १०० किलो कार्बन कमी. मेथडिंग (साच्यात धातू कसा वाहील याची आखणी) सुधारणं आणि रिजेक्शन आवरणं हे फाउंड्रीतलं कार्बनचं मोठं काम आहे, आणि ते कुठल्याच हरित प्रमाणपत्रात लिहिलेलं नसतं.

दुसरी गोष्ट फर्नेसच्या तोंडाशी. झाकण बाजूला काढून ठेवलेलं, आत दीड हजार अंशांच्या आसपास धातू, आणि सगळे वाट बघतायत: स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टची किंवा साचे तयार होण्याची. तेवढा वेळ फर्नेस फक्त धातू गरम ठेवायला वीज खाते. झाकण लावा, आणि मोल्डिंग पुढे गेल्याशिवाय हीट (वितळवण्याची फेरी) सुरू करू नका. स्क्रॅप गंजकं किंवा वाळूने माखलेलं असेल तर ती वाळूही तुम्ही वितळवताय, एवढं लक्षात घ्या.

बिलावरचा चुकीचा रकाना

महाराष्ट्रात एचटी (उच्चदाब) औद्योगिक ग्राहकाला केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर धरून मोजलेल्या आकड्यावर बिल येतं. कार्बन मात्र केडब्ल्यूएचवर, म्हणजे साध्या युनिटवर मोजायचा. दोन्ही आकडे बिलावर शेजारी असतात. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेला भाग) ०.९५ असेल तर चुकीचा रकाना उचलल्याने पाचेक टक्के फरक पडतो. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर सुधारला आणि बिल उतरलं म्हणजे तेवढाच कार्बन उतरला, हा गैरसमजही यातूनच येतो.

पुढची अडचण गुणकाची. एका युनिटमागे किती कार्बन, हा आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण जाहीर करतं. तो पूर्वी ०.८२ किलो होता, आता ०.७ च्या आसपास आहे. पहिल्या वर्षाला जुना गुणक आणि यंदाला नवा लावला की काहीही न करता दहा-पंधरा टक्के घट दिसते. ती घट ग्रिडची आहे. शीटमध्ये दाखवा, पण वेगळ्या ओळीत. मंदीमुळे उत्पादन घटलं असेल तर एकूण कार्बनही घटतोच, म्हणून टनामागचा किंवा नगामागचा आकडा सोबत द्या.

ओपन ॲक्सेसने (वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून) सौर वीज घेत असाल तर करार काढून वाचा. त्या विजेची हरित प्रमाणपत्रं सौर प्रकल्पाच्या विकासकाने स्वतःकडे ठेवून विकली असतील, तर ती वीज तुम्हाला हरित म्हणून सांगता येत नाही.

किरकोळ म्हणून सोडलेल्या गोष्टी

एसीचा गॅस दर उन्हाळ्यात "टॉप-अप" होतो. आर-४१० ए या गॅसची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट आहे. एक किलो गळाला की दोन टन कार्बन, म्हणजे जवळजवळ साडेसातशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. आधी गळती शोधा, मग गॅस भरा.

मोटर जळली की रिवाइंडिंग (आतली तार पुन्हा गुंडाळणं), हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. चांगलं काम नसेल तर दर वेळी कार्यक्षमता थोडी घटते. १० एचपीची मोटर वर्षाला सहा हजार तास पूर्ण भारावर चालली तर पन्नास हजार युनिट खाते. युनिटला ८ रुपये धरले तर चार लाख. नव्या आयई-३ (जास्त कार्यक्षमतेच्या) मोटरच्या किमतीशी ताडून बघा. दोन-तीन वेळा रिवाइंड झालेली मोटर पुन्हा बांधायला पाठवण्यात काही शहाणपण नाही.

सीबॅमसाठी फक्त स्वतःच्या शॉपकडे बघणं

युरोपला नट-बोल्ट पाठवणारा उद्योजक फोर्जिंगची वीज मोजत बसतो. पण लोखंड-पोलादाच्या मालात सीबॅम सध्या वीज धरत नाही. थेट जाळलेलं इंधन आणि विकत घेतलेल्या पोलादातला कार्बन धरतो. खरा बोजा आहे तो तुमच्या वायर रॉडमध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या पोलादी कच्च्या मालात. ब्लास्ट फर्नेसच्या पोलादात टनाला दोन टनांहून जास्त कार्बन असतो, भंगारापासून केलेल्यात बराच कमी. हा आकडा मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर नसतो, वेगळा मागावा लागतो. तो मिळाला नाही तर आयातदाराला ठरावीक आकडा लावावा लागतो, आणि तो मुद्दाम चढा ठेवलेला आहे. दुसरीकडे, आयातदाराचा असा माल वर्षाला ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट आहे. उगाच धावपळ करण्याआधी त्याला विचारून घ्या.

झाडं लावून हिशेब मिटवणं

झाडं लावावीत, सावलीसाठी लावावीत. पण एक मोठं झाड वर्षाला ढोबळ वीसेक किलो कार्बन घेतं. वर सांगितलेल्या तीन मिलिमीटरच्या भोकाचा १५ टन कार्बन फेडायला साडेसातशे मोठी झाडं लागतील, आणि आज लावलेलं रोप मोठं व्हायला किती वर्षं जातात ते वेगळंच.

खोक्यावर "कार्बन न्यूट्रल" किंवा नुसतं "इको-फ्रेंडली" छापण्याआधीही थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि दाव्याला पुरावा लागतो. "२०२३-२४ च्या तुलनेत टनामागे वीज १४ टक्के कमी" असं लिहिता येत असेल तर तेच लिहा, आणि त्या दोन वर्षांची बिलं जपून ठेवा.