परीकथेचा जुना-नवा सिनेमा एकाच दिवशी कसा लावावा
आधी जोडी ठरवा. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ सोयीची: ज्याँ कॉक्तोचा १९४६ चा कृष्णधवल फ्रेंच चित्रपट आणि डिस्नेचा १९९१ चा, जेमतेम दीड तासाचा अ‍ॅनिमेशनपट. जुना आधी लावा. उलट केलंत तर गाण्यांनंतर त्याची संथ लय मंडळींना जड जाते.

जुन्याची चौकट जवळपास ४:३ असते. टीव्हीने ती ताणली की माणसं बुटकी, रुंद दिसतात. सेटिंगमध्ये मूळ आकार निवडा, कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ‘मोशन स्मूदिंग’ (हालचाल गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय) बंदच करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

गप्पा ‘आवडला का?’ने सुरू करू नका, तिथेच संपतात. विचारा: राजपुत्राला श्वापद बनवणारा शाप कोणाच्या चुकीचा? डिस्नेकडे राजपुत्राच्या स्वार्थाची शिक्षा, कॉक्तोकडे आईवडिलांचा पऱ्यांवर विश्वास नव्हता म्हणून मुलाला भोग. या एका बदलाने सगळी गोष्ट फिरते. शिवाय कॉक्तोकडे श्वापद, राजपुत्र आणि नायिकेवर भाळलेला गावातला तरुण, तिघंही ज्याँ मारे एकटाच साकारतो. ते का, यावर तासभर सहज जातो.

भयपट हवा तर शेवटी ‘तुंबाड’ (२०१८), आजीच्या गोष्टीतल्या भीतीच्या जवळचा. पुण्यात मे महिन्यात साडेसातच्या आधी सुरू करू नका. खिडकीतून उजेड आला की काळोखी दृश्यं राखाडी होतात. संवाद हळू आणि दचके मोठे वाटले, तर आवाजाच्या सेटिंगमधला, चढउतार कमी करणारा ‘नाइट मोड’ लावा, शेजारीही झोपतील.

लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात असा जुना चित्रपट लागला, तर घरचा बेत पुढे ढकला.