रॅकेटमध्ये मॅक्रोला व्हेरिएबलचं नाव कसं कळतं

रॅकेट ही लिस्प घराण्यातली प्रोग्रॅमिंग भाषा. समजा ‘मापक’ हा तुमचा मॅक्रो आहे, म्हणजे कोड चालण्याआधी त्याच्या जागी दुसरा कोड बसवणारा नियम. (डिफाइन टाकी (मापक)) असं लिहिलं की मूल्य ‘टाकी’त जाणार हे एक्सपांडरला, म्हणजे मॅक्रो उलगडणाऱ्या भागाला, आधीच ठाऊक असतं. तरीही (मापक "टाकी") असं नाव दोनदा लिहायला सांगणारे सल्ले सर्रास दिसतात. मग कुणीतरी व्हेरिएबलचं नाव बदलतं, स्ट्रिंग जुनीच राहते.

१. सिंटॅक्स/नेम ही लायब्ररी फॉर-सिंटॅक्सखाली, म्हणजे मॅक्रो उलगडतानाच्या कोडसाठी, रिक्वायर करा.

२. मॅक्रोत सिंटॅक्स-लोकल-इन्फर-नेम या फंक्शनला मूळ सिंटॅक्स (मॅक्रोला मिळालेला कोड) द्या. नुसतं सिंटॅक्स-लोकल-नेम वापरलंत तर नाव नसताना फॉल्स मिळतं. इन्फर-नेमवालं मात्र तेव्हा फाइल, ओळ, कॉलम यांवरून काहीतरी नाव जुळवून देतं.

३. मिळालेलं नाव टेम्प्लेटमध्ये, म्हणजे मॅक्रो जो कोड देतो त्याच्या साच्यात, कोटखाली घाला.

४. आता लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. मॅक्रोच्या विस्तारात लेट लावून लॅम्डा ‘तात्पुरता’ नावाच्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवलात, की रॅकेट इमानदारीत त्याचंच नाव फंक्शनला देतं. वापरणाऱ्यानं आर्ग्युमेंट कमी दिलं की एररमध्ये ‘टाकी’ऐवजी ‘तात्पुरता’ येतं, आणि हा शब्द त्यानं कुठेच लिहिलेला नसतो!

उपाय एका ओळीचा आहे: सिंटॅक्स-प्रॉपर्टीनं त्या लॅम्डाला ‘इन्फर्ड-नेम’ चिकटवा. पण प्रॉपर्टी लॅम्डाच्या अख्ख्या कंसाला लागली पाहिजे. ‘लॅम्डा’ या शब्दाला किंवा बाहेरच्या लेटला लावून भागत नाही. शिवाय सिंटॅक्स-प्रॉपर्टी मूळ ऑब्जेक्ट बदलत नाही, नवा देते. तो नवा ऑब्जेक्टच हॅश-कॉमानं (टेम्प्लेटमध्ये तयार सिंटॅक्स घालण्याची खूण) टेम्प्लेटमध्ये घाला. तो टाकून दिलात तर काहीच घडत नाही, आणि एररही येत नाही. प्रॉपर्टीची किंमत सिम्बॉलच, म्हणजे नुसतं नाव, हवी. दुसऱ्या पायरीतून आयडेंटिफायर (सिंटॅक्स ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेलं नाव) हातात आला असेल तर आधी सिंटॅक्स-ई लावा.

५. तपासणीसाठी फंक्शन प्रिंट करा, नाव दिसेल.

(दाखव (मापक)) इथे मापक आर्ग्युमेंटच्या जागी आहे, म्हणून व्हेरिएबलचं नाव मिळत नाही. डिफाइन-व्हॅल्यूजमध्ये एकदम दोन नावं असली तरी तेच. त्यामुळे या नावावर प्रोग्रॅमचं वागणं ठरवू नका. डेटाबेसच्या टेबलचं नाव असं काढलंत आणि उद्या कुणी ते एक्सप्रेशन एखाद्या फंक्शन कॉलमध्ये गुंडाळलं, की टेबल बदललंच. एरर मेसेज, लॉग, प्रिंट, एवढ्यापुरतंच ते ठेवा. त्यापलीकडे नाव लागणार असेल तर मॅक्रोला सरळ नावाचा कीवर्ड द्या, आणि तो दिलेला असेल तेव्हा अंदाजाकडे बघूच नका.