बोट मधेच बंद पडते? कार्बोरेटर खोलायच्या आधी या चुका टाळा

हतनूर असो, वाघूर, गिरणा धरण किंवा तिकडे धडगाव-अक्कलकुव्याकडचा नर्मदेचा फुगवटा, लहान बोटीचं इंजिन बंद पडलं की आपल्याकडे कोणीतरी पाना घेऊन थेट कार्बोरेटर खोलायला बसतं. नका करू भाऊ असं. आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनात बिघाड बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेरच असतो, टाकीपासून सुरुवात करा आणि पाईपच्या मागे मागे प्लगपर्यंत या.

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद राहिला की इंजिन सुरू होतं, मस्त चालतं आणि पाच-दहा मिनिटांनी धरणाच्या मधोमध गचके खात बंद पडतं, कारण टाकीत हवाच जात नाही तर पेट्रोल बाहेर येणार कुठून? मग पाईपवरचा रबरी बल्ब बघा. त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे पाहिजे आणि दाबून दाबून तो कडक झाला पाहिजे. बल्ब चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे, कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा घुसतेय किंवा पेट्रोल गळतंय, क्लिपा आणि इंजिनाकडचं कनेक्टर तपासा. बंद पडायला आलेलं इंजिन बल्ब दाबत राहिलं की परत उचल घेत असेल तर दोष पेट्रोल पोहोचण्यातच आहे हे पक्कं समजा. आणि किल स्विचची (इंजिन लगेच बंद करणाऱ्या बटणाची) लाल दोरी जागेवर आहे का तेही बघा, ती निघालेली असताना लोक स्टार्टरची दोरी ओढून ओढून घामाघूम होतात.

पेट्रोलचं म्हणाल तर मागच्या सीझनचं डब्यातलं पेट्रोल वापरूच नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात, आणि पाईपचं तोंड नेमकं तळालाच असतं. शंका असेल तर तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा, सकाळी दोन थर दिसले तर ते पेट्रोल बाद. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल अंदाजाने ओतू नका, ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, पण जुन्या मॉडेलचं प्रमाण वेगळं असतं म्हणून आपल्या इंजिनाचं पुस्तक बघूनच टाका.

इंजिन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार येते, तिच्यावर नजर ठेवा. धार बंद म्हणजे लगेच इंजिन बंद. बऱ्याचदा भोकात गाळ किंवा कुंभारीण माशीने केलेली माती असते, बारीक तारेने मोकळं होतं. नाही झालं तर पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर गेलं असणार, आपल्या तापीच्या गढूळ पाण्यात ते लवकर झिजतं. कोरड्या जमिनीवर "जरा आवाज ऐकू" म्हणून इंजिन चालवणं ही फार महागात पडणारी चूक आहे, पाण्याशिवाय ते रबर काही सेकंदांतच खराब व्हायला लागतं. शेतातला २०० लिटरचा ड्रम भरा, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी प्लेट बुडेल इतकं पाणी घ्या आणि न्यूट्रलमध्येच चालवा.

आता पंखा. हात लावायच्या आधी न्यूट्रल, आणि प्लगची टोपी काढलेली, हे दरवेळी. गिअरमध्ये पंखा फिरवला तर इंजिन अचानक सुरू होऊ शकतं.

इंजिन ओरडतंय पण बोट जागची हलत नाही, अशा वेळी लहान इंजिनात आधी शिअर पिन, म्हणजे पंखा दांड्याला अडकवणारी पिन बघा. बुडालेल्या झाडाच्या बुंध्याला पंखा लागला की ही पिन तुटते, ती तुटण्यासाठीच असते म्हणून गिअर वाचतात. तिच्या जागी कडक खिळा ठोकणारे लोक मी बघतो आणि जीव तुटतो, कारण पुढच्या धक्क्याला खिळा वाचतो आणि गिअर जातात. नर्मदेकाठच्या पाड्यांवर दवाखान्यापासून रेशनपर्यंत सगळं बोटीवर अवलंबून आहे, तिथे हा प्रकार परवडत नाही. दोन जादा पिना, कॉटर पिन, पक्कड आणि वल्हं बोटीत राहू द्या.

पिन नसलेल्या पंख्यात आतला रबरी बुश सुटतो. हळू चालते, जोरात दिली की नुसता आवाज. मार्करने आतल्या तुकड्यापासून बाहेरपर्यंत एक सरळ रेघ मारा, चक्कर मारून या, रेघ सरकलेली दिसली की बुश गेला.

जाळ्याचा नायलॉन अडकला तर वरवर कापून सोडू नका, पंखा काढून मागे बघा, तिथे गुंडाळलेला धागा ऑइल सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं. गिअरच्या डब्याचा खालचा स्क्रू जरासा ढिला करून थेंबभर ऑइल बघा, दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर सील बदला, आणि नवीन ऑइल खालच्या भोकातूनच भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत.