डेथ व्हॅलीला यायचंय? मग आधी पाण्याचं बोलू

लास व्हेगासला आमच्याकडे पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी हमखास विचारतात, "डेथ व्हॅली किती लांब?" कॅलिफोर्नियातलं हे वाळवंटी खोरं, गाडीने दोन तास. पण जून ते ऑगस्ट असेल तर मी सरळ नको म्हणतो. "अहो, आम्ही नागपूरचे!" असू द्या. इथे फर्नेस क्रीकला 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंशांची नोंद झाली आहे. नोव्हेंबर ते मार्च या, निवांत फिरा.

उन्हाळ्यातच जमत असेल तर अंधारात निघा. झब्रिस्की पॉइंटला सूर्योदय, तिथून थेट बॅडवॉटरचं मिठाचं मैदान, आणि दहानंतर खोऱ्यात पायी फिरणं बंद.

खरी फसवणूक कोरडेपणाची. सिएरा नेवाडाच्या पर्जन्यछायेतलं हे खोरं, आपल्या माणदेशासारखं. फक्त पाऊस वर्षाला जेमतेम पाच सेंटिमीटर. घाम भरपूर येतो, पण अंगावर ओल धरायच्या आत उडून जातो. शर्ट कोरडा, म्हणून माणूस निर्धास्त. यात मुंबईकर सगळ्यात आधी गंडतात. माणशी चार लिटर पाणी गाडीत हवंच, आणि तहानेची वाट न बघता प्यायचं. नुसतं पाणीही नको. आमची ही थर्मासभर कोकम सरबत करते, जोडीला खारे शेंगदाणे.

चपला घालून वाळूत उतरू नका. जुलै 2024 मध्ये मेस्किट फ्लॅटच्या टेकड्यांवर एका पर्यटकाच्या तळपायांची कातडी भाजून निघाली. हवा इतकी तापलेली की हेलिकॉप्टरला तिथे उतरता येईना. त्याला आधी उंचावर न्यावं लागलं.

बॅडवॉटरला मात्र घाई करू नका. पायाखाली मिठाचे बहुकोनी तुकडे, कडा उचललेल्या, चालताना कुरकुर वाजणाऱ्या. मग मागे वळून कड्याकडे बघा: पार वर समुद्रसपाटीची छोटी पाटी दिसेल. आपण तिच्या 86 मीटर खाली! सोबतच्या ज्येष्ठांना ऊन सोसत नसेल तर डान्टेज व्ह्यूला न्या. हेच मीठ वरून दिसतं आणि हवा बारा-चौदा अंशांनी गार असते.

त्या चढावर इंजिनाचा काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा. बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या. गाडी बंद पडलीच तर ती सोडून चालत सुटू नका. आणि टाकी वाटेतल्या पाहरंप गावातच फुल करा. आत पेट्रोल मिळतं, पण भाव बघून घाम फुटेल.