काटापट्टीच्या हिशेबाला चाचण्यांचे कुंपण कसे घालावे

यवतमाळ जिल्ह्यातील एका कापूस खरेदी केंद्रासाठी मी काटापट्टी आणि चुकाऱ्याचे सॉफ्टवेअर लिहितो. एका हंगामात प्रतवारीचा नवा रकाना वाढवताना ओलाव्याची अट माझ्या हातून बदलली आणि ‘१२ टक्क्यांपर्यंत’ याच्या जागी ‘१२ टक्क्यांहून कमी’ असे झाले. नवा रकाना नीट चालतो हे मी तपासले होते. मात्र दुसऱ्या दिवशी रात्रभर रांगेत थांबलेल्या एका शेतकऱ्याचा नेमका १२ टक्के ओलाव्याचा कापूस सॉफ्टवेअरने नाकारला. मोडले ते आधीपासून नीट चालत असलेले काम होते, आणि तिकडे पुन्हा पाहावे असे मला सुचलेही नव्हते. चाचण्या, म्हणजे प्रोग्रामचे उत्तर अपेक्षेप्रमाणे येते का हे आपोआप तपासणारे छोटे कोड, लिहायच्या त्या मुख्यतः अशा कामासाठी.

सुरुवात हिशेब वेगळा काढण्यापासून करावी. वजन, दर आणि ओलावा घेऊन फक्त रक्कम परत देणारे फंक्शन, म्हणजे कोडचा स्वतंत्र तुकडा, असावे. काट्यावरून वजन वाचणे, पट्टी छापणे आणि नोंद साठवणे ही कामे त्याच्या बाहेर ठेवावीत. मग चाचणीला ना काटा लागतो ना इंटरनेट, आणि भारनियमनाच्या वेळी लॅपटॉपच्या बॅटरीवरही ती काही सेकंदांत पूर्ण होते.

त्यानंतर सीमारेषेवरील आकडे निवडावेत, कारण चुका बहुधा तिथेच दडलेल्या असतात. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण दर मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे दरात १ टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांवरील कापूस घेतला जात नाही. म्हणून ८, ८.१, १२ आणि १२.१ या चारही आकड्यांची चाचणी हवीच. मधला एखादा आकडाही घ्यावा: ८,११० रुपये दर, ९.५ टक्के ओलावा आणि १२.४० क्विंटल वजन असेल, तर दर ७,९८८.३५ रुपये आणि रक्कम ९९,०५५.५४ रुपये यायला हवी. हे उत्तर कागदावर काढावे किंवा दिवाणजींकडून काढून घ्यावे. प्रोग्रामनेच दिलेला आकडा चाचणीत उतरवला, तर त्यातली चूकही बरोबर म्हणून नोंदली जाते. जुना, कोणालाच नीट न उमगणारा कोड हाती आला असेल, तर मात्र याला अपवाद करावा. तिथे गेल्या हंगामातील खऱ्या पट्ट्या नावे काढून घ्याव्यात, त्यांवर कोड आज देतो ती उत्तरे जशीच्या तशी चाचण्यांत बांधून ठेवावीत आणि मगच कोडला हात लावावा.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्ट या साधनात ‘टेस्ट’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणारे फंक्शन चाचणी म्हणून धरले जाते. पायथन ३ मध्ये उरलेले नाव देवनागरीत लिहिता येते. ‘बारा टक्के ओलावा स्वीकारावा’ असे अर्थपूर्ण नाव दिले, तर चाचणी नापास होताच काय बिघडले ते कळते.

चूक सापडली की ती लगेच दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. आधी ती चूक पकडणारी चाचणी लिहावी, ती नापास होताना डोळ्यांनी पाहावी आणि त्यानंतर दुरुस्ती करावी. कधीच नापास न झालेली चाचणी खरोखर काही तपासते की नाही, याची खात्री देता येत नाही.

आपण कोड बदलला नाही, तरीही हिशेब बदलू शकतो. ४०.५ ला पूर्णांक करायला सांगितले, तर पायथन २ मध्ये ४१ मिळत असे. पायथन ३ मात्र ४० देते, कारण अर्ध्यावरचा आकडा ते जवळच्या सम संख्येकडे नेते. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले, तेही एरियान ४ साठी लिहिलेल्या कोडमुळे: नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता आणि त्यातून आलेली संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. म्हणून पायथनची आवृत्ती किंवा लायब्ररी बदलतानाही सगळ्या चाचण्या चालवाव्यात आणि रुपयांचा हिशेब दशांश प्रकारात किंवा पूर्ण पैशांत ठेवावा.

चाचण्या आठवणीवर सोडू नयेत. कोडमधील बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या प्री-कमिट हुकमध्ये, म्हणजे बदल नोंदण्याआधी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, त्या बसवल्या, की एकही नापास असताना बदल नोंदलाच जात नाही. स्क्रीनवरील रंग आणि बटणांच्या जागा यांसाठी चाचण्या लिहिण्यात वेळ घालवू नये. पैसे आणि वजन यांना आधी सुरक्षित करावे.

हमीभाव दरवर्षी बदलतो. लांब धाग्याच्या कापसाचा दर २०२४-२५ मध्ये ७,५२१ रुपये होता, तो २०२५-२६ मध्ये ८,११० झाला. नव्या दराच्या चाचण्या जोडताना जुन्या पुसू नयेत, कारण मागील हंगामाची पट्टी पुन्हा छापून मागणारा शेतकरी खिडकीवर येतो आणि त्याच्या हातातील रक्कम तेव्हाही पैशापर्यंत जुळावी लागते.